छाटणीपासून दिवस मोजा: द्राक्षबागेबद्दल वाचकांचे प्रश्न

फळछाटण्या, म्हणजे घड येण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटण्या, संपत आल्या की अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडी भागातून येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रं डाऊनी ह्या बुरशीरोगाची असतात. यंदा त्यात बेदाण्याचे आणि तब्येतीचे प्रश्नही बरेच आले. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे. प्रश्न पाठवताना जात, खुंट (ज्या मुळावर कलम केलं ते झाड) आणि छाटणीची तारीख जरूर लिहा. तारीख नसली की उत्तर अर्धंच देता येतं, कारण द्राक्षात कॅलेंडरपेक्षा छाटणीपासूनचे दिवस महत्त्वाचे.

प्रश्न : फळछाटणीला २६ दिवस झालेत. पानाच्या मागे पांढरं दिसायला लागलंय. आठ दिवसांत तीन औषधं मारली, तरी थांबत नाही. दुकानदार आता चौथं सांगतोय. शेजारच्या बागेत तीच औषधं चालली, आमच्यात का नाहीत? (तेलसंग, ता. अथणी)

चौथं औषध आणण्याआधी रोग नक्की कोणता ते ठरवा. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर, तेल सांडल्यासारखा डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी बुरशी असेल तर तो डाऊनी, म्हणजे केवडा. भुरी पानाच्या वरही येते. ती राखाडी पिठासारखी दिसते आणि बोटाने पुसली जाते. शंका असेल तर संशयित डागाची चार पानं संध्याकाळी तोडा, थोडं पाणी शिंपडून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि रात्रभर घरात सावलीत ठेवा. सकाळी डागाखाली ताजी पांढरी बुरशी दिसली तर डाऊनी जिवंत आहे. डाग तपकिरी, कोरडा राहिला तर तो मेलेला डाग आहे आणि आधीच्या फवारणीने काम केलेलं आहे. ‘औषध चालत नाही’ अशी तक्रार असलेल्या कितीतरी बागांत डाग मेलेले असतात आणि त्यांच्यावरच पुन्हा पुन्हा फवारणी चालू असते. डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही, त्यामुळे डाग नाहीसे होण्याची वाट पाहू नका. नवीन डाग येतात का, एवढंच बघा.

आता शेजाऱ्याचं का चाललं ते. डाऊनीच्या बीजाणूला पानात शिरायला पानावर पाणी लागतं. ते पावसाचं असो की पहाटेच्या दवाचं. त्या पाण्यात तो पोहतो आणि पानामागच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जातो. २० ते २५ अंश तापमानात आत शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत साधारण ४ ते ७ दिवस लागतात. म्हणजे आज दिसणारा डाग आठवडाभर आधीच्या ओलीचा आहे. मॅन्कोझेब, प्रोपिनेब, तांबेयुक्त औषधं पानाच्या बाहेर बसून पहारा करतात. बीजाणू आत गेल्यावर ती काही करू शकत नाहीत. शेजाऱ्याने पावसाच्या आदल्या दिवशी मॅन्कोझेब मारलं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी, तर औषध एकच असूनही निकाल वेगळा येणार.

म्हणून क्रम असा ठेवा. ढग आले, पावसाचा अंदाज आहे, पानं कोरडी आहेत, तर संपर्कातलं औषध लगेच मारा : मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम. पाऊस पडून गेला आणि पानं काही तास ओली राहिली, तर दोन दिवसांच्या आत, पानात शिरणारं औषध हवं. सायमोक्सॅनिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण लिटरला २ ग्रॅम, किंवा मॅन्डीप्रोपामिड २३.४ टक्के लिटरला ०.८ मिली. पुढच्या वेळी त्याच गटाचं औषध लागोपाठ घेऊ नका. बाटलीवरचं नाव वेगळं असलं तरी आतला घटक तोच असू शकतो, म्हणून कन्नड किंवा इंग्रजी लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं रासायनिक नाव वाचा. तीन वेगळ्या डब्यांतून एकच घटक तीनदा मारला जातो, आणि बुरशीला सवय लागते ती अशीच.

माझ्या मते तुमच्या बागेत औषधापेक्षा फवारणी चुकत असावी. बुरशी पानामागे आहे. ब्लोअर पुढे पळवत वरून मारलेल्या पाण्याने वरची पानं चमकतात, खालचं घडाजवळचं पान मागून कोरडंच राहतं. प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीचे तुकडे घडाशेजारच्या पानांच्या मागे लावा, नुसतं पाणी फवारा आणि तुकडे काढून थेंब बघा. थेंब नाहीत तर नोझल बदला, ट्रॅक्टर हळू चालवा. पूर्ण कॅनोपीच्या बागेला एकरी ४०० लिटर पाणी धरून मात्रा ठरलेल्या असतात. २६ दिवसांच्या बागेला तेवढं पाणी लागत नाही, पण पाणी कमी केलं म्हणून लिटरची मात्रा वाढवू नका.

फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, तशाच असतील तर आधी त्या काढा. गर्दीत हवा खेळत नाही आणि पहाटेचं दव दहा-अकरापर्यंत पानांवर राहतं. डागाळलेली पानं तोडून बागेबाहेर पुरा, बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, टाकू नका. फुलोरा ते मणी सेटिंग, म्हणजे साधारण पन्नास दिवसांपर्यंत, घड सर्वांत नाजूक असतो. मणी वाटाण्याएवढा झाल्यावर त्याच्यावर पांढरी बुरशी दिसत नाही, पण देठातून शिरलेला रोग मणी आतून तपकिरी आणि चामड्यासारखा करतो. तेव्हा पुढचे तीन आठवडे रोज सकाळी मागची पानं उलटून बघण्याचे आहेत.

प्रश्न : बोर्डो मिश्रण घरी करताना प्रत्येक वेळी रंग वेगळा येतो. गेल्या वर्षी कोवळी पानं करपली. चूक कुठे होते? (कागवाड)

एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चांगला कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन प्लॅस्टिकचे ड्रम घ्या. लोखंडी किंवा जस्ताची बादली चालत नाही, मोरचूद धातू खातं. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत ठेवा, म्हणजे सकाळपर्यंत पूर्ण विरघळतं. तळाशी टाकलं तर खडे तसेच राहतात. दुसऱ्या ड्रममध्ये चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडून तो विझू द्या, मग पाणी घालून पातळ करा आणि कापडातून गाळा. दोन्ही द्रावणं ५०-५० लिटर करा. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि लाकडी काठीने सतत ढवळा. उलटं करू नका, म्हणजे मोरचुदात चुना टाकू नका. तसं केलं की कण मोठे होतात, खाली बसतात आणि नोझल तुंबतं. रंग आकाशी निळा यायला हवा.

पानं करपण्याचं कारण बहुतेक वेळा चुना असतो. पाकिटातला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन अर्धा मेलेला असतो. वजन १ किलो भरलं तरी ताकद तेवढी नसते आणि मोकळं तांबं द्रावणात शिल्लक राहतं. तेच कोवळ्या पानाला भाजतं. तपासणी सोपी आहे. घासून चकचकीत केलेला खिळा किंवा विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी घालत जा, थर येणं बंद होईपर्यंत. सामूपट्टी मिळत असेल तर सामू (पीएच) ७ ते ८ दरम्यान असावा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसरं कीटकनाशक त्यात मिसळू नका.

एक टक्क्याचं मिश्रण छाटणीनंतर उघड्या काड्यांवर, ओलांड्यांवर (खोडाच्या आडव्या फांद्यांवर) आणि बोदावरच्या मातीवर वापरायचं. पावसाळ्यात पिकलेल्या पानांवर अर्धा टक्का पुरतो, म्हणजे तेवढाच मोरचूद आणि चुना २०० लिटर पाण्यात. कोवळ्या फुटीवर एक टक्का कधीच नको.

ह्या मिश्रणाची गोष्ट जाणून घ्यायला हवी. फ्रान्समध्ये मेडॉक भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून. अमेरिकेतून आलेल्या डाऊनीने १८७८ नंतर तिथल्या बागा बसवल्या, तेव्हा बोर्डो विद्यापीठातले मिलार्डे ह्यांना दिसलं की त्या निळ्या वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. आज कागवाडात तुम्ही ढवळता ते मिश्रण मुळात तेच आहे.

प्रश्न : बाग हिरवीगार होती, काड्या जाड होत्या, पण फळछाटणीनंतर निम्म्या काड्यांना घडच नाहीत. काहींवर नुसते तणावे आलेत. पाणी, खत कशातच कमी केलं नव्हतं. (अनंतपूर भाग, ता. अथणी)

कमी केलं नव्हतं, हेच कारण असू शकतं. ऑक्टोबरात निघणारा घड मे महिन्यातच डोळ्यात तयार झालेला असतो. खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणी झाल्यावर एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतर, साधारण ३५ ते ६० दिवसांत डोळ्यात घड बसायचा की तणावा, हे ठरतं. ह्या काळात डोळ्यावर ऊन पडलं, वेलीत अन्नसाठा झाला, वाढ थोडी थांबली तर घड बसतो. नत्र आणि पाणी भरपूर असेल तर वेल शेंडा पळवत राहते, पानांची सावली डोळ्यांवर पडते आणि घड जिरतो. शेतकऱ्यांना जाड, हिरव्या काडीचं कौतुक असतं, पण १२-१४ मिलिमीटरची लुसलुशीत काडी फार वेळा रिकामी निघते. ८ ते १० मिलिमीटरची, तांबूस पिकलेली, भरलेली काडी चांगली.

पुढच्या वर्षासाठी एवढं करा. खरड छाटणी एप्रिलच्या मध्यापर्यंत उरका. तेलसंग, कोकटनूर, ऐगळीच्या पट्ट्यात मे महिन्याचं ऊन कडक असतं, ते डोळ्यांना मिळायला हवं. छाटणी मेपर्यंत लांबली की घडनिर्मितीचा काळ जूनच्या ढगांत सापडतो. फुटी पाच-सहा पानांच्या असताना विरळणी करा. ९ बाय ५ फुटांच्या लागवडीत वेलीला ३० ते ३५ काड्या पुरतात. फूट ९-१० पानांची झाली की सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलेतून निघणारी पुढची काडी, घ्या. बगलफुटीतून पुढे पाच पानं आली की पुन्हा शेंडा मारा. पहिल्या महिन्यात नत्र ठीक आहे. त्यानंतर ते आवरा, स्फुरद द्या, आणि काडी पिकायच्या काळात पालाश. पाणी तोडायचं नाही, पण वाढीच्या काळापेक्षा कमी करायचं.

यंदाची चूक टळली असती ती डोळे तपासणीने. फळछाटणीआधी बागेच्या वेगवेगळ्या भागातल्या दहा-पंधरा काड्या प्रयोगशाळेत द्या. सूक्ष्मदर्शकाखाली कितव्या डोळ्यात घड आहे ते दिसतं. त्याच्या पुढे एक डोळा ठेवून छाटायचं. सबकेन केलेल्या काडीत चांगला घड बहुतेक वेळा गाठीच्या जवळ असतो. सरसकट सगळ्या बागेत एकाच डोळ्यावर कात्री चालवली तर भरलेला डोळाच खाली पडतो.

आता ह्या हंगामात रिकाम्या काड्या ठेवून गर्दी करू नका. पानांसाठी थोड्या ठेवा, बाकी काढा. संजीवकं मारून घड आणता येतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डोळ्यात नसलेला घड औषधाने येत नाही.

प्रश्न : नदीकाठची काळी जमीन. पूर्वी ऊस होता. द्राक्षाच्या पानांच्या कडा जळतात, पोटॅश देऊनही फरक नाही. जिप्सम किती टाकू? (ऐनापूर परिसर)

जिप्सम टाकण्याआधी मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकून बघा. फसफसून बुडबुडे आले तर जमिनीत मोकळा चुना आहे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तो सहसा असतोच. तसं असेल तर कॅल्शियम जमिनीत आधीच पडून आहे, फक्त ते विरघळत नाही. अशा ठिकाणी एकरी ४० ते ५० किलो गंधक शेणखतात मिसळून बोदात घाला. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि चुन्यातलं कॅल्शियम मोकळं होऊन सोडियमला मुळांपासून ढकलतं. चुना नसेल आणि जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) असेल तर जिप्सम, ते माती अहवालातल्या गरजेप्रमाणे. अंदाजाने नको.

पण ढकललेला सोडियम जाणार कुठे? खाली निचरा नसेल तर तो पावसाळा संपताच पुन्हा वर येतो. ऊसवाल्या पट्ट्यात हाच खरा प्रश्न आहे. चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातल्याशिवाय गंधक आणि जिप्सम दोन्हीचा खर्च वाया जातो. निचरा झाला की मग खरड छाटणीआधी भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढता येतात.

कडा जळणं सोडियमचं की पालाशच्या कमतरतेचं, हे देठ परीक्षण सांगतं. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ काढून द्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही तपासा. द्राक्ष फार क्षार सोसत नाही, जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.५ डेसीसायमन्सच्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं. माती नमुना कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात चौकशी करून देता येतो. नवीन लागवड करणार असाल तर स्वतःच्या मुळावरची वेल नको, डॉगरीजसारख्या खुंटावर कलम करा.

प्रश्न : खानापूर तालुक्यात द्राक्ष लावावं का? भाऊ लावू म्हणतोय. (खानापूर)

नको. तिथला पाऊस आणि दमट हवा करपा आणि डाऊनीला माहेर आहे, आणि फळछाटणीच्या वेळीही पाऊस पुरता हटलेला नसतो. काजू, आंबा त्या मातीचे आहेत. अंगणात हौसेपुरती एक वेल लावायची असेल तर बंगळूर ब्ल्यू लावा. बिया आणि जाड साल आहे, डाऊनी तिलाही होतो, पण करपा आणि तांबेऱ्याला ती बरी तोंड देते.

प्रश्न : घडात चिकट पांढरा कापूस आणि काळी बुरशी. पिठ्या ढेकूण म्हणतात. दर आठवड्याला औषध मारतोय. (रायबाग)

घडात शिरलेल्या ढेकणापर्यंत औषध पोहोचत नाही. तो लपतो कुठे ते बघा : खोडाच्या आणि ओलांड्याच्या सुटलेल्या सालीखाली. खरड छाटणीनंतर ती साल हाताने किंवा गोणपाटाने घासून काढा, जाळा, मग खोड धुऊन निघेल असं औषध मारा. बुप्रोफेझिन २५ टक्के लिटरला १.२५ मिली, तेही पिल्लांवर लागू पडतं, मोठ्यांवर नाही. मुंग्या थांबवा. त्या ढेकणाची साखर खातात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात. खोडाला चिकट पट्टा बांधा, मांडवाच्या तारांना टेकलेलं गवत काढा.

क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा ढेकूण खाऊन जगतो. एकरी सुमारे २,००० भुंगेरे सोडायचे, संध्याकाळी, ढेकूण असलेल्या वेलींवर. पण सोडल्यावर पुन्हा जहाल कीटकनाशक मारलं तर आधी तेच मरतात. दोन्ही एकत्र चालत नाही, एक वाट धरा.

प्रश्न : पेस्टिंगच्या कामाला जाणाऱ्या बायकांच्या हाताला फोड येतात, एकीला छातीत धडधडून चक्कर आली. हे कशामुळे? (अथणी)

पेस्टिंग म्हणजे फळछाटणीनंतर काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावणं. ते औषध हायड्रोजन सायनामाइड. ऑक्टोबरच्या उष्णतेत लिटरला ३० ते ४० मिली घेतात. ते कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर गंभीर इजा करतं. कापडी मोजे चालत नाहीत. ओले झाले की औषध कातडीला चिकटवून ठेवतात. आत रबरी हातमोजे हवेत, बाही मनगटावर घट्ट हवी, डोळ्यांना चष्मा हवा, बागेत साबण आणि स्वच्छ पाण्याची टाकी हवी. हे देणं मालकाचं काम आहे आणि त्याचा खर्च एका फवारणीपेक्षा कमी आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. हे औषध शरीरात दारू पचू देत नाही. काम करणाऱ्याने आदल्या दिवशी किंवा पुढच्या आठवडाभरात दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, चक्कर, उलटी, रक्तदाब एकदम उतरणं होऊ शकतं. दारू असलेलं खोकल्याचं औषध किंवा टॉनिक घेतलं तरीही. पेस्टिंगच्या आणि फवारणीच्या मजुरांना हे आधी सांगा. त्रास झालाच तर बाटलीचं लेबल घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टरांना नाव कळणं गरजेचं आहे.

प्रश्न : बेदाणा काळपट आणि चिकट होतो, तासगावच्या सौद्यात दर पडतो. (तेलसंग आणि कोकटनूरहून तीन पत्रं)

सुरुवात साखरेपासून. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २२ च्या खाली असताना माल काढला तर बेदाणा पातळ, सुरकुतलेला होतो. चांगल्या साखरेला चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा पडतो. कमी साखरेला पाच किलोही लागतात.

डिपिंगचं द्रावण १०० लिटर पाण्याला पोटॅशियम कार्बोनेट २.५ किलो आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, १.५ लिटर. आधी कार्बोनेट विरघळवा, मग तेल बारीक धारेने ढवळत घाला. सामू ११ च्या आसपास यायला हवा. घड २ ते ४ मिनिटं बुडवून रॅकवर एकाच थरात पसरा. हे द्रावण मण्यावरच्या मेणाला बारीक वाटा पाडतं, त्यातून पाणी निघतं. दिवसभर एकाच टाकीत माल बुडवत राहिलं तर सामू उतरतो आणि संध्याकाळचे घड हळू वाळतात. काळपटपणाचं हे एक मोठं कारण आहे, आणि ते कुणी मोजत नाही. सामूपट्टी जवळ ठेवा. तिसऱ्या दिवशी निम्म्या तीव्रतेची फवारणी रॅकवरच करा.

मणी दाबला किंवा तुटला की त्यातलं विकर हवेच्या संपर्काने रंग काळा करतं. काढणीत फेकाफेक नको. वाळवण सावलीत, हवा खेळती, शेडची लांबी वाऱ्याच्या दिशेला आडवी. १२ ते १५ दिवसांत ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. मुठीत दाबून सोडल्यावर मणी सुटे झाले पाहिजेत. चिकट गोळा राहिला तर अजून दोन दिवस.

एक जबाबदारीची गोष्ट : चार किलोचं एक किलो होतं तेव्हा औषधाचा अंशही त्या प्रमाणात एकवटतो. शेवटची फवारणी आणि काढणी ह्यांतलं अंतर बेदाण्याला ताज्या द्राक्षापेक्षा काटेकोर पाळा. २०१० साली क्लोरमेक्वाट, म्हणजे वाढ रोखायला वापरतात ते आपलं सीसीसी, ह्याच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. ते औषध काढणीच्या कितीतरी महिने आधी वापरलेलं होतं.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. द्राक्ष बंद करायला सांगावं का? बेदाणा चालतो असं म्हणतात. (निपाणी)

बेदाणा चालतो आणि द्राक्ष नाही, हे उलटं आहे. १०० ग्रॅम ताज्या द्राक्षात साधारण १५ ते १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे मोठ्या मण्यांचे वीस-बावीस मणी. तेवढ्याच वजनाच्या बेदाण्यात साखर ६० ग्रॅमच्या आसपास जाते. मूठभर बेदाणा चटकन तोंडात जातो, वाटीभर द्राक्षाने पोट भरतं.

२०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या एक लाख ८७ हजारांहून अधिक लोकांचा दीर्घ अभ्यास आला. त्यात ब्लूबेरी, द्राक्ष, सफरचंद अशी अख्खी फळं खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. हा निरोगी लोकांचा अभ्यास होता, मधुमेहावरचा उपचार नव्हे. वडिलांना दहा-बारा मणी जेवणाबरोबर देऊन दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा, तो आकडा घेऊन डॉक्टरांशी बोला. रस मात्र नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : लाल द्राक्षाच्या सालीत आयुष्य वाढवणारं द्रव्य असतं म्हणे. गोळ्या घ्याव्यात का? (बेळगाव)

ते रेझवेराट्रॉल. १९९७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात गाठी कमी झाल्याचं दिसलं आणि बोलबाला झाला. माणसांत तसं दिसलेलं नाही. इटलीतल्या कियांती भागातल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीत ह्या द्रव्याचं प्रमाण मोजून त्यांच्यावर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१४ मध्ये निष्कर्ष आला : जास्त द्रव्य असलेल्यांचं आयुष्य, हृदयविकार, कर्करोग ह्यांत फरक नव्हता. गोळ्यांवर पैसे घालू नका. काळी द्राक्षं आवडतात म्हणून खा.

प्रश्न : कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या कागदावर ‘ग्रेपफ्रूट खाऊ नये’ लिहिलंय. आईने द्राक्षच सोडलं. (चिक्कोडी)

आईला द्राक्ष द्या. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातीचं मोठं लिंबूवर्गीय फळ आहे, द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात दिसलं की त्याच्या रसाने फेलोडिपिन ह्या रक्तदाबाच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण खूप वाढतं, कारण आतड्यातलं औषध मोडणारं विकर ते बंद पाडतं. काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे. पपनसातही तसेच घटक असतात, म्हणून दारातल्या पपनसाबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : द्राक्षावरचा पांढरट थर औषधाचा असतो का? धुवायचं कसं? (हुक्केरी)

सगळ्या मण्यांवर सारखा, बोट लावल्यावर पुसला जाणारा धुरकट थर हे वेलीचंच मेण आहे, ताजेपणाची खूण. औषधाचे डाग ठिपक्याठिपक्याचे, देठाच्या खोबणीत साचलेले असतात. घड वाहत्या पाण्याखाली धरा, मग मणी देठापासून सोडवून भांड्यात दोन पाण्यांनी खळबळून घ्या. साबण नको. मण्याच्या आत गेलेलं औषध कशानेच धुऊन निघत नाही, ते शेतातच थांबवावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांना मणी उभा चिरून द्या. अख्खा गोल मणी घशात अडकतो.

प्रश्न : बेदाण्याच्या शेडवर राखणीचा कुत्रा आहे. पडलेला माल खातो, काही होतं का? (ऐगळी)

होतं. द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. किती खाल्लं तर चालेल ह्याची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. टार्टारिक आम्ल हे त्यामागचं कारण असावं, असं अलीकडे पशुवैद्यक मानतात. वाळून चौपट एकवटलेला बेदाणा ताज्या फळापेक्षा धोक्याचा. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, सुस्ती, मग लघवी कमी होणं असा क्रम दिसतो. उलटीची वाट पाहू नका, खाल्लेलं कळलं की त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. शेडमध्ये रॅकखाली ताडपत्री घाला, पडलेला माल रोज संध्याकाळी गोळा करा आणि कुत्र्याला रॅकच्या बाजूला न बांधता फाटकाशी बांधा.